अर्ध्या तासाची नोकरी

चिमटे जोडायला एक माणूस हवा होता. एवढीच गोष्ट होती. दोरीवर वाळत घातलेले कपडे उडू नयेत म्हणून लावतात ते प्लॅस्टिकचे चिमटे. कारखान्यातली यंत्रं चिमट्यांच्या पाकळ्या धडाधड पाडत असत, पण दोन पाकळ्या एकीवर एक ठेवून मधे स्प्रिंग बसवायचं काम माणसाच्या बोटांनाच करावं लागे. खिडकीजवळच्या टेबलावर बावीस वर्षं एक आजी ते करत आल्या होत्या. गप्पा मारता मारता, न बघता, मिनिटाला दहा चिमटे. गेल्या महिनाअखेरीला आजी निवृत्त झाल्या आणि टेबल रिकामं झालं.

एखाद्या शहाण्या माणसाने फाटकावर दोन ओळींची पाटी लावली असती, येतील त्यांची बोटं कशी चालतात ते बघितलं असतं आणि दुपारच्या चहापर्यंत कुणालातरी कामाला बसवलं असतं. पण कारखान्यात शहाणा माणूस नव्हता, भरती अधिकारी होता.

या भरती अधिकाऱ्यांना सगळे पाठीमागे फॉर्मसाहेब म्हणत. त्यांच्याकडे रजेचा फॉर्म होता, उशिरा आल्याचा होता आणि लवकर आल्याचाही होता. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाची तोटी चार महिन्यांपूर्वी तुटली होती, ती अजून तशीच होती. कारण 'तोटी का हवी' या रकान्यात मिस्त्रींनी 'पाणी प्यायला' एवढंच लिहिलं होतं आणि फॉर्मसाहेबांना ते कारण अपुरं वाटलं होतं. घरी बायकोने पंखा बंद पडल्याचं सांगितलं, तेव्हा "लेखी दे" म्हणाले. तो उन्हाळा दोघांनी घामात काढला.

एवढा ताठा असलेल्या या माणसाचं एक दुखणं होतं. ते स्वतःच पक्के नव्हते. सहा महिन्यांच्या चाचणीवर लागले होते, सहाचे बारा झाले होते, आणि दर रविवारी जेवायला येणारे सासरे पहिला घास तोंडात घालण्याआधी विचारत, "काय जावईबापू, झालात का पक्के?" वर साडू पाणीपुरवठ्यात लागल्या दिवशीच पक्का झाल्याची गोष्ट सांगत. साडू शाळेत दोनदा नापास झाला होता, हे मात्र सांगत नसत.

या महिन्यात मात्र मालकांनी शब्द दिला होता. "लाँड्रीची मोठी ऑर्डर जायचीय. त्या टेबलावर माणूस बसवा, माल वेळेवर काढा, की तुमच्या पत्रावर सही झालीच म्हणून समजा." पत्र तयार होतंच. फॉर्मसाहेबांनी ते स्वतःच टाईप करून मालकांच्या वरच्या खणात ठेवलं होतं. 'कारखान्याच्या भरभराटीत यांचा सिंहाचा वाटा आहे' असं वाक्य त्यात होतं आणि पक्क्या नोकरीबरोबर गादीची खुर्ची, स्वतंत्र पंखा आणि दोन वेळचा चहा जागेवर, अशी यादी होती. नावाची जागा त्यांनी विनयाने कोरी सोडली होती. इतकं कौतुक वाचल्यावर मालकांना नाव आपोआप सुचेल, अशी त्यांची खात्री होती.

फाटकावर जाहिरात लागली. चिमटेजोडणीचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, असं तिच्यात होतं. तसा अनुभव असलेली आसपास एकच व्यक्ती होती आणि ती नुकतीच निवृत्त झाली होती. उमेदवाराच्या अंगी नेतृत्व हवं, शिवाय त्याने सांगितलेलं निमूट ऐकायलाही हवं. सोबत अकरा पानी फॉर्म. त्याच्या नवव्या पानावर आपल्या आयुष्याचं ध्येय शंभर शब्दांत लिहायचं होतं.

"साहेब, स्प्रिंग बसवायला ध्येय कशाला?" यंत्रं सांभाळणाऱ्या जुन्या मिस्त्रींनी विचारलं.

"ध्येय नसलेला माणूस दुसऱ्या दिवशी पळून जातो."

"आणि ध्येय असलेला चिमटे जोडायला येतो होय?"

फॉर्मसाहेबांनी शंका विचारण्याचा फॉर्म पुढे केला. मिस्त्री यंत्राकडे निघून गेले.

पहिल्या दिवशी सोळा माणसं आली. प्रत्येकाला अर्धा तास टेबलावर बसवायचं, मिस्त्रींनी शिकवायचं आणि फॉर्मसाहेबांनी मागे उभं राहून दहापैकी मार्क द्यायचे, असं ठरलं. मिस्त्री प्रत्येकाला तेच सांगत. "हा चिमटा. ही एक पाकळी. ही दुसरी. ही मधली स्प्रिंग. बोट इथे ठेवायचं नाही." प्रत्येक जण बोट बरोबर तिथेच ठेवी.

संध्याकाळी मिस्त्रींनी एक भरलेली टोपली आणून ठेवली.

"हे काय?"

"चिमटे."

"कुणी केले?"

"कुणीच नाही. म्हणजे, सगळ्यांनी मिळून."

फॉर्मसाहेब टोपलीकडे बघत राहिले. आयुष्यात एकदाच त्यांना काहीतरी सुचलं आणि तेही नको ते सुचलं. ते जिना चढून मालकांच्या खोलीत गेले.

"मालक, माणूस घेतला की पगार आला, रजा आली, आजारपण आलं. चाचणीला आलेल्याला काय द्यायचं? काही नाही! आणि माल तर निघतोच."

मालक म्हणजे आलेल्या पाकिटांच्या पाठीवर हिशेब लिहिणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे, माणूस निवडायचाच नाही?"

"छे, छे! निवड चालूच ठेवायची."

मालकांना हे इतकं पटलं, की त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा फॉर्मसाहेबांना दिला. असं याआधी कधी घडलं नव्हतं.

पहिला आठवडा मजेत गेला, निदान या दोघांचा. मग एकेक गोष्ट वाढू लागली. रोज सोळा माणसं म्हणजे सोळा अकरा पानी फॉर्म, त्यामुळे टायपिस्ट ताईंचं बाकीचं सगळं काम थांबलं. फाटकावरचे पहारेकरी काका एकटे नंबर देणार, नावं लिहिणार की गाड्या सोडणार? त्यांच्या मदतीला आणखी एक काका आले. बसायला चार बाकडी आली. चिमटलेल्या बोटांसाठी पट्ट्या आल्या, आणि पट्टी मिळण्यासाठी फॉर्म आला. मिस्त्री दिवसभर "हा चिमटा" म्हणत बसल्यामुळे त्यांचं यंत्र सारखं अडू लागलं, म्हणून त्याच्यासाठी बाहेरचा कारागीर बोलवावा लागला.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," टायपिस्ट ताई म्हणाल्या. फॉर्मसाहेबांना ते ऐकू गेलं नाही. ते लोकांची ध्येयं वाचण्यात गुंतले होते.

दुसऱ्या आठवड्यात नवी माणसं आटली. तेव्हा फॉर्मसाहेबांनी जुन्यांनाच दुसऱ्या फेरीला बोलावलं, मग तिसऱ्या. बरेच जण दुसऱ्या फेरीतच शिव्या घालून निघून गेले. काही मात्र आशेवर येत राहिले, आणि एक बाई तर रोज न चुकता येत. त्यांचा नंबर सात. पूर्वी त्या नवऱ्याबरोबर छत्र्या दुरुस्त करायच्या दुकानात बसत, त्यामुळे स्प्रिंग कुठे दाबली की कुठे उडते हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. सगळे त्यांना छत्रीवाल्या बाई म्हणत. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी मिनिटाला सहा चिमटे केले, आठवड्याने दहा, आणि त्यातला एकही वाकडा नसे. मिस्त्रींचा घसा बसला, तेव्हा स्वतःचा अर्धा तास झाल्यावर बाई शेजारच्या स्टुलावर बसून इतरांना शिकवू लागल्या. टेबल अर्थातच रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळे, कारण तसा नियम होता.

"साहेब, निकाल कधी?" त्या रोज विचारत.

"बाई, तुम्ही अंतिम फेरीत आहात."

"अंतिम म्हणजे शेवटची ना?"

"शेवटच्या आधीची. कळवू."

"घरी सून रोज विचारते हो, लागली का नोकरी म्हणून. रोज काय सांगू तिला?"

दर रविवारी असाच प्रश्न ऐकणाऱ्या माणसाला इथे स्वतःची आठवण यायला हवी होती. फॉर्मसाहेबांनी 'घरचा दबाव सोसण्याची क्षमता' या रकान्यात बाईंना दहापैकी नऊ दिले आणि पान उलटलं.

ऑर्डरचा पहिला माल लाँड्रीत पोचला आणि दोनच दिवसांत तिथे हाहाकार उडाला. निम्मे चिमटे मिटेचनात, त्यामुळे पांढऱ्या चादरी उडून रस्त्यावरच्या चिखलात गेल्या. उरलेल्यांतले बरेच उघडेचनात, त्यामुळे शर्ट चिमट्यांसकट इस्त्रीला गेले. लाँड्रीचे मालक म्हणजे कपड्यांवर एक सुरकुती खपवून न घेणारा माणूस. त्यांनी खराब चिमट्यांची पिशवी भरली आणि शनिवारी सकाळी ते स्वतःच कारखान्याच्या फाटकावर येऊन उभे राहिले.

"या चिमट्यांचं काय चाललंय ते बघायला आलोय मी!"

"सगळे त्याचसाठी येतात," वहीतून मान वर न करता काका म्हणाले. "नंबर अकरा. बाकड्यावर बसा."

"अहो, मला तुमच्या मालकांना भेटायचंय!"

"आधी चाचणी, मग मालक. काल एक हेडमास्तर आले होते, तेसुद्धा रांगेत बसले. हा फॉर्म घ्या."

काकांचा तरी काय दोष? फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला नंबर द्यायची त्यांना इतकी सवय झाली होती, की दोन दिवसांपूर्वी पोस्टमनचीही पाच चिमटे जोडल्यावरच सुटका झाली होती.

लाँड्रीवाले भडकून मागे फिरणार होते. पण मग त्यांना वाटलं, आपल्या चादरी चिखलात घालणारे चिमटे इथे बनतात तरी कसे, ते डोळ्यांनी बघावंच. त्यांनी फॉर्म घेतला. 'चिमट्यांचा पूर्वानुभव' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'अत्यंत वाईट'. आयुष्याच्या ध्येयाला त्यांना शंभर शब्द लागले नाहीत. 'हे बनवणाऱ्याला एकदा भेटणे', एवढंच लिहिलं.

फॉर्मसाहेबांनी ते वाचून नाक मुरडलं. "सूर बरा नाही. आम्हाला कामगार नम्र लागतो."

"आणि चिमटा कसा लागतो?"

"ते नंतर बघू. आधी बसा."

मिस्त्री बसलेल्या घशातून कुजबुजले, "हा चिमटा. ही एक पाकळी. ही दुसरी. ही मधली स्प्रिंग. बोट इथे ठेवायचं नाही." लाँड्रीवाल्यांनी बोट तिथेच ठेवलं आणि ते जोरात ओरडले. पट्टीचा फॉर्म यायला वेळ होता. छत्रीवाल्या बाईंनी आपल्या डब्याच्या पिशवीतून चिंधी काढून त्यांच्या बोटाला बांधली.

"दादा, स्प्रिंग आधी दोनदा दाबून बघायची. मग ती बसताना उसळत नाही."

"तुम्ही किती वर्षं आहात इथे कामाला?"

"कामाला? नाही हो. मी अजून लागायचेय. आज एकोणिसावा दिवस."

लाँड्रीवाल्यांनी बाईंच्या टोपलीतला एक चिमटा उघडून मिटून बघितला. मग आणखी एक. मग मूठभर खिशात टाकले. अर्ध्या तासात त्यांच्या स्वतःच्या हातून तीन चिमटे झाले आणि चौथ्याची स्प्रिंग उडून फॉर्मसाहेबांच्या चष्म्यावर आपटली.

"दहापैकी दोन," चष्मा पुसत फॉर्मसाहेब म्हणाले. "वय जास्त, बोटं जाड, स्वभाव चिडका. तुम्हाला कळवू."

"नको. मीच कळवतो," असं म्हणून लाँड्रीवाले जिना चढून थेट मालकांच्या खोलीत गेले. काकांनी त्यांना अडवलं नाही, कारण त्यांची चाचणी रीतसर पार पडली होती.

पाचच मिनिटांत फॉर्मसाहेबांना वर बोलावणं आलं. नंबर अकरा खुर्चीत बसला होता आणि मालक उभे होते. हे काहीतरी उलटं आहे, एवढंच फॉर्मसाहेबांच्या लक्षात आलं.

"यांना तुम्ही दहापैकी दोन दिलेत?" मालकांनी विचारलं.

"दीडच देणार होतो, मालक. दया आली."

"अहो, ही आपली लाँड्री आहे!"

पक्क्या नोकरीचं पत्र, सासऱ्यांचा पहिला घास, पाणीपुरवठ्यातला साडू, सगळं एकदम फॉर्मसाहेबांच्या डोळ्यांपुढे आलं. लाँड्रीवाल्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली.

"बारा चिमट्यांचा एक पुठ्ठा, आणि जोडणारे बारा जण. त्या टेबलावर तुमचा माणूस कोण आहे?"

"तसं, पक्कं असं..." फॉर्मसाहेब चाचरले, "कुणीच नाही."

"आणि हे त्या बाईंचे." त्यांनी खिशातली मूठ शेजारी ठेवली. "हे असे मिळणार असतील तर ऑर्डर तुमची. सोमवारी त्या बाई त्या टेबलावर नसतील, तर मी दुसरीकडे जातो."

"मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय!" मालक ताडकन म्हणाले. "असली बाई शोधून सापडायची नाही. पण हा माणूस माझं ऐकेल तर ना!" एका दमात त्यांनी एकोणीस दिवस धुऊन टाकले. इतकं स्वच्छ लाँड्रीवाल्यांनाही धुता आलं नसतं.

बाईंना वर बोलावलं. त्या डब्याची पिशवी हातात धरून दारातच उभ्या राहिल्या.

"अभिनंदन, बाई!" फॉर्मसाहेब घाईघाईने म्हणाले. "तुमची निवड झाली!"

"झाली का? बरं झालं. मग मी विचार करून कळवते."

"कळवते म्हणजे?"

"तुम्ही एकोणीस दिवस मला बघितलंत ना? मीही बघतच होते. पिंपाला तोटी नाही. स्टुलाचा एक पाय तोकडा आहे. पट्टी मागितली की फॉर्म मिळतो. आणि हे साहेब स्वतःच कच्चे आहेत म्हणे. जे स्वतः कच्चे, ते मला काय पक्कं करणार?"

लाँड्रीवाल्यांनी आपली रिकामी पिशवी घडी घालायला घेतली. ते बघून मालकांना घाम फुटला. "पक्कं करतो ना! आत्ता करतो, लेखी करतो!" म्हणत त्यांनी वरचा खण ओढला आणि हाताला लागलेलं पत्र बाहेर काढलं. पत्र टाईप केलेलं होतं, मजकूर झकास होता आणि नावाची जागा कोरी होती. मालकांनी तिथे बाईंचं नाव घातलं आणि खाली झोकात सही ठोकली. फॉर्मसाहेबांचा हात पुढे आला आणि तसाच हवेत राहिला.

बाईंनी पत्र मोठ्याने वाचलं. "'भरभराटीत यांचा सिंहाचा वाटा आहे.' अगंबाई! 'गादीची खुर्ची, स्वतंत्र पंखा, दोन वेळचा चहा जागेवर.'" त्यांनी मालकांकडे बघितलं. "छान लिहिलंय हो. अगदी मनापासून लिहिल्यासारखं."

"मनापासूनच लिहिलंय," मालक म्हणाले.

फॉर्मसाहेबांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. बाईंनी पत्राची घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली. "सुनेला दाखवते आणि सोमवारी कळवते," असं म्हणून त्या गेल्या.

रविवारी सासरे जेवायला आले. घास हातात घेऊन त्यांनी विचारलं, "काय जावईबापू, झालात का पक्के?"

"पत्रावर सही झाली," फॉर्मसाहेब म्हणाले. हे काही खोटं नव्हतं. बायकोने आनंदाने त्यांच्या ताटात आणखी वाढलं, पण त्यांनी ते ताटातच ठेवलं. सासऱ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच साडूची गोष्ट काढली नाही.

सोमवारी बाई आल्या. पिंपाला तोटी बसली होती, तीही फॉर्मशिवाय. नवी खुर्ची आणायला वेळ मिळाला नव्हता, म्हणून मालकांच्याच खोलीतली गादीची खुर्ची खिडकीजवळच्या टेबलाशी गेली होती आणि वर पंखा लागला होता. बाईंनी खुर्चीत बसून बघितलं, पंखा लावून बघितला, आणि मगच "येते कामाला" असं कळवलं. लाँड्रीकडून परत आलेल्या मालाची पोती त्यांच्यासमोर उभी होती.

"हे सगळं सोडवून पुन्हा जोडायचं म्हणजे एकटीने व्हायचं नाही," त्या मालकांना म्हणाल्या. "हाताखाली कुणीतरी द्या."

"आहे ना," मालक म्हणाले. "चाचणीवरचा एक माणूस आहे आपल्याकडे. नवा घ्यायला नको." मग ते फॉर्मसाहेबांकडे वळले. "पत्राचं काय, ते पुन्हा टाईप करता येईल. पण बाईंना तुमचं काम पसंत पडू दे. त्या सांगतील त्या दिवशी सही."

फॉर्मसाहेब तोकड्या पायाच्या स्टुलावर बसले. मिस्त्रींचा घसा दोन दिवसांच्या विश्रांतीने खणखणीत मोकळा झाला होता. एवढ्या उत्साहाने त्यांनी आजवर कुणालाच शिकवलं नव्हतं. "हा चिमटा, साहेब. ही एक पाकळी. ही दुसरी. ही मधली स्प्रिंग. बोट इथे ठेवायचं नाही."

साहेबांनी बोट तिथेच ठेवलं.

अर्ध्या तासात त्यांचे पाच चिमटे झाले. बाईंनी एकेक उघडून मिटून बघितला. दोन पुठ्ठ्यावर लावले आणि तीन पुन्हा पोत्यात टाकले. फॉर्मसाहेब ठणकणारं बोट तोंडात धरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"बाई," शेवटी ते हळूच म्हणाले, "जमेल ना हो मला? घरी सासरे विचारतात दर रविवारी."

बाईंना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. पण त्यांचे हात काही थांबले नाहीत.

"कळवते, साहेब," त्या म्हणाल्या.